पुराव्याच्या तासाला

खिडकीतल्या कारकुनाने माझी फाइल दोनदा उलटीपालटी केली आणि विचारलं, "मुलगी कुठंय?"

"कोणती मुलगी?"

"जिचं ॲडमिशन आहे ती."

"माझंच आहे."

त्याने वर पाहिलं नाही. गॅप सर्टिफिकेट शोधायला लागला. पदवीनंतर एवढी वर्षं शिक्षण का बंद होतं, याचं प्रतिज्ञापत्र लागतं. माझं वय छत्तीस. प्रतिज्ञापत्रात मी "कौटुंबिक कारणास्तव" असं लिहून दिलं होतं. सगळे तेच लिहितात. त्याने ते वाचलं आणि ओठ असे मुडपले, जणू ते कुटुंब त्याच्या ओळखीचं होतं.

नाशिकमध्ये आमच्या भागातल्या मुलींचं एक सरकारी वसतिगृह आहे, तिथं मी गृहपाल आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मुली असतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलीला सिटी बसमध्ये एकाने त्रास दिला, म्हणून मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते. चार तास बाकावर बसवलं. ती सांगेल तसं लिहा, असं मी तीन वेळा म्हणाल्यावर तिथला साहेब म्हणाला, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" नाही म्हणाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मी कायद्याची परीक्षा देणार. तो ओझरच्या कारखान्यात आहे, पहिल्या पाळीला पहाटे निघतो. झोपेतच म्हणाला, दे. लोकांना मी एवढंच कारण सांगते. दुसरंही एक होतं, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

कारकून म्हणाला, "कागद वर तपासायला जातील. दीड तास लागेल. या आठवड्यात नवीन प्रवेशवाल्यांना वर्गात बसायची परवानगी आहे. दुसऱ्या वर्षाचा तास आहे आता, बघा बसून. झेपणार नसेल तर सीट सोडता येते. वेटिंगला पोरं आहेत."

"झेपेल."

"बघा बसून," तो परत म्हणाला.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी उभी होती. तिने हात आडवा केला. "मॅडम, पेरेंट्सना खाली बसायचंय."

"मी ॲडमिशनची आहे."

"ओह," ती म्हणाली आणि माझ्या चपलांकडे बघून बाजूला झाली. माझ्यासारखे नवीन तिघं आत होते, तिघंही बावीस-तेवीसचे. एका बाकावर दाटीवाटीने बसलेले. मी जवळ गेले तर त्यातल्या एकाने पाय आणखी पसरले. मी शेवटच्या बाकावर गेले. तिथं बसलेल्या मुलाने आपली सॅक उचलून आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

तेवढ्यात सर आले. साठी उलटलेले, पांढरा शर्ट, हातात पुस्तक नाही. खडू उचलला, फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "हं, पुढे."

त्या आवाजाने मी ओळखलं. फळ्यावर काय लिहिलंय ते नंतर वाचलं. "होस्टाइल विटनेस."

अकरा वर्षांपूर्वी नाशिकच्या कोर्टात हा माणूस सरकारी वकील होता. मी साक्षीदार होते.

त्याच्याही सहा वर्षं आधी काय झालं ते सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. हरसूलच्या पलीकडे आमचा पाडा आहे, तिथं बारावी झालेली मी एकटीच. भाताची कापणी उरकली की पाड्यावरची माणसं पिकअपमध्ये बसून दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जायची. त्या वर्षी आईबरोबर मीही गेले. आमच्या शेजारचे एक काका फवारणीच्या पंपावर होते. आयुष्यात दारूला न शिवलेला, कमी बोलणारा माणूस. दुपारी त्यांचा डोळा लागला, टाकीतलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी चालून जळाली. बागेचा मॅनेजर आला. मांडवाचा एक सुटा लोखंडी अँगल पडला होता, तो उचलून त्याने काकांना दोनदा मारलं. एक खांद्यावर, एक कानाखाली. जातीवरून शिवी दिली. मी दहा पावलांवर होते, घडांच्या विरळणीची कात्री माझ्या हातात होती. काका वेलींखाली आडवे झाले आणि त्यांच्या कानातून रक्त यायला लागलं.

संध्याकाळी एक कार्यकर्ता आम्हाला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. मी पाहिलं ते सांगितलं. पोलिसाने लिहिलं, वाचून दाखवलं. बरोबर होतं.

मग सहा वर्षं गेली. पहिली दोन वर्षं आमच्या पाड्यावर पिकअपच आली नाही. त्या पट्ट्यात कोणी आमच्या माणसांना उभं करेना. माणसं वापी-वलसाडकडे जायला लागली, दोन पोरं तिकडे इमारतीवरून पडून मेली. शेवटी पाड्यावरची जाणती माणसं बसली आणि म्हणाली, मिटवून टाका. सगळ्यांत आधी काकांनीच मान हलवली. माझ्या महिनाभर आधी त्यांची साक्ष झाली. त्यांनी न्यायाधीशांसमोर सांगितलं, मी दारू पिऊन मांडवाच्या तारेवर पडलो.

मग माझी तारीख. आदल्या दिवशी समोरच्या बाजूचा एक माणूस आईला आणि मला एसटी स्टँडच्या उपाहारगृहात भेटला. त्याने मला एक वाक्य पाठ करून घेतलं. "पोलिसांनी माझ्या जबाबात असे का लिहिले याचे कारण मला सांगता येणार नाही." शाळेत कविता घेतात तसं घेतलं, चुकलं की पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकील भेटले. सहा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या जबाबाची झेरॉक्स हातात दिली. "वाच. हेच बोलायचं. घाबरायचं नाही."

मी म्हणाले, "साहेब, काकांनी आधीच..."

"ते माझ्यावर सोड," ते म्हणाले आणि पुकारा झाला म्हणून आत गेले.

आत मी सांगितलं की मी काही पाहिलं नाही. त्यांनी न्यायाधीशांची परवानगी घेतली, मला फितूर ठरवलं आणि उलटे प्रश्न विचारायला लागले. मी पाठ केलेलं वाक्य चार वेळा म्हणाले. चारही वेळा न चुकता. आरोपी सुटला.

आता तोच माणूस माझ्यासमोर खडू घेऊन उभा होता. चांगलं शिकवत होता, हे कबूल करते. फितूर या शब्दापासून सुरुवात केली. "फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला. आपला साक्षीदार, आपण बोलावलेला, आणि पिंजऱ्यात उभा राहिला की त्यांचा. नवीन कायद्यात कलमाचा नंबर बदललाय. माणसं तीच आहेत." मुलं लिहून घेत होती. मीही वही काढली. जावं की थांबावं ते ठरत नव्हतं, हातांना काहीतरी काम हवं होतं.

मग ते टेबलाच्या कडेला टेकले. "एक केस सांगतो. माझीच. ॲट्रॉसिटीची होती. डोंगराकडची एक मुलगी, प्रत्यक्षदर्शी. बारावी शिकलेली, म्हणजे अडाणी म्हणून सोडून द्यावं असंही नाही. पोलिसांना घडाघडा जबाब दिलेला. मी निश्चिंत. तर ती कोर्टात आली. कशी आली? नवी कोरी साडी, जरीच्या काठाची. मजुरी करणारी मुलगी, हं. वकिलाने डोळे उघडे ठेवायचे असतात. साक्ष सुरू व्हायच्या आधीच मला कळलं, ही गेली. साडीनेच सांगितलं."

वर्ग हसला. पुढून कोणीतरी म्हणालं, "सर, पैठणी होती का?" आणि परत हशा. सरही हसले. माझ्या शेजारचा मुलगा हसत हसत माझ्याकडे वळला. मी पण हसावं अशी त्याची अपेक्षा होती.

मी उभी राहिले. ठरवून नाही. बाक मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

"सर, ती साडी तिच्या लग्नातली होती."

"काय?"

"मार्चमध्ये लग्न झालं, जूनमध्ये समन्स आलं. बाहेर नेसण्यासारखी ती एकच साडी होती. कोर्टात जायचं म्हणून सासूने पेटीतून काढून दिली."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"ती मुलगी मीच."

सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चेहरा आठवेल. आठवला नाही. ज्या मुलीची गोष्ट ते दर वर्षी सांगत असणार, तिच्यातली फक्त साडी त्यांच्या लक्षात होती. त्यांनी चष्मा परत घातला.

"बरं," ते म्हणाले. "बसू नका. उभ्याच राहा. घटनेच्या दिवशी तुम्ही बागेत होतात?"

"होते."

"किती अंतरावर?"

"दहा पावलं."

"मारलं?"

"मारलं. लोखंडी अँगलने. दोनदा."

"शिवी दिली?"

"दिली."

"कोणती?"

मी ती शिवी सांगितली, जशीच्या तशी. मी ती याआधी एकदाच, पोलीस ठाण्यात, सांगितली होती.

"आणि कोर्टात काय सांगितलंत?"

"काही पाहिलं नाही म्हणून."

"म्हणजे शपथेवर खोटं."

"हो."

सर वर्गाकडे वळले. "लिहून घ्या. अकरा वर्षांनी साक्ष झाली. उत्तम झाली. उपयोग शून्य." मग माझ्याकडे न बघता, "बसा."

मी बसले नाही. मी बाकाची कड धरून ठेवली. म्हणाले, "ज्यांना मार बसला त्यांनी माझ्या महिनाभर आधी काय साक्ष दिली, ते तुम्ही वर्गाला सांगितलं नाहीत. ते स्वतः म्हणाले होते की दारू पिऊन पडलो. मी ते तुम्हाला व्हरांड्यात सांगायला लागले होते."

"मला माहीत होतं. माझ्यासमोरच दिली होती त्यांनी साक्ष."

"मग मी एकटीने काय बोलायचं होतं?"

"खरं." आता त्यांचा आवाज चढला. "त्या दिवशी माझ्याकडे चौदा केसेस होत्या. दोन कोर्टं आणि मी एकटा. प्रत्येक साक्षीदाराच्या घरी जाऊन समजूत काढत बसायचं का मी? तुमच्या माणसांसाठी केस मी उभी केली. तुमच्याच माणसांनी ती पाडली. न्यायाधीशांच्या शिव्या कोणी खाल्ल्या?"

"मला पाच मिनिटं हवी होती."

"पाच मिनिटं दिली असती तर खरं बोलला असतात?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हो म्हणणं सोपं होतं. पण आपली साक्ष देऊन परतताना काका एसटीत मला म्हणाले होते, तूही तेच सांग; आई रात्रभर कशी जागी होती, वापीवरून मेलेल्या आणलेल्या त्या दोन पोरांची तोंडं, सगळं मला आठवत होतं.

"बहुतेक नाही," मी म्हणाले.

कोणीतरी हसलं.

"मग उभ्या कशाला राहिलात?"

"तुम्ही म्हणालात मी साडीवर विकले गेले. मी घाबरले होते. वर्गाला तसं सांगा."

"कायद्याला दोन्ही सारखंच," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. तास संपायला वीस मिनिटं होती. त्यांनी पुढचं कलम सुरू केलं, त्याच आवाजात, आणि मुलांच्या माना वह्यांत गेल्या. मी बसले. ती वीस मिनिटं मी शब्दन् शब्द लिहून घेतला. ती पानं अजून आहेत, अक्षर इतकं दाबून आलंय की मागून हात फिरवला तर लागतं.

तास संपल्यावर माझ्याशी कोणी बोललं नाही. जिन्यात माझ्या मागून दोन मुलं उतरत होती. एक म्हणाला, "खोटी साक्ष दिली तर गुन्हा होतो ना?" दुसरा म्हणाला, "होतो. पण आता मुदत गेली असेल ना?" "मुदत नसते रे त्याला." "असते. तीन वर्षं." दोघं तळमजल्यापर्यंत वाद घालत आले. मी त्यांच्या पुढे दोन पायऱ्यांवर होते. परीक्षेत येणारा प्रश्न असावा तसं ते माझ्याबद्दल बोलत होते.

खिडकीपाशी माझी फाइल परत आली होती. मी सही करत असताना सर मस्टर घ्यायला आले. मला पाहून थांबले. मग कारकुनाला म्हणाले, "यांची व्हॅलिडिटी बघितली का? जात पडताळणीची?"

"आहे सर. ओरिजिनल आहे."

"नीट बघा."

कारकुनाने माझ्या फाइलमधला तो कागद तिसऱ्यांदा काढला, उजेडात धरला आणि परत ठेवला. मी पेन हातात धरून उभी होते. सर मस्टरवर सही करत होते.

मी म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला पुरावा तुम्हीच शिकवता ना?"

"हो."

"मग भेटू."

मी सही केली, पावती घेतली, बाहेर आले. द्वारका चौकापर्यंत रिक्षात मी त्या पावतीची घडी घालत होते आणि परत उलगडत होते. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, बरं नाही का. मी त्यांच्यावरही खेकसले. बिचाऱ्या पुढच्या थांब्याला उतरून गेल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गावाकडे गेले. काका हरसूलच्या बाजारात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं घेऊन बसलेले असतात. डाव्या बाजूला बसलं तर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी उजव्या बाजूला बसले. मला वाटत होतं, त्यांना हे सांगायला हवं. भर वर्गात, चाळीस लोकांसमोर, मी खरं काय ते बोलले. कुठंतरी असंही वाटत होतं की ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मापटं पोत्यात ठेवलं.

"तुला कोनी सांगला व्हता माझा नाव काढाया?"

"नाव नाही काढलं, काका. नुसतं काय झालं ते सांगितलं."

"तेच ना. माझा पोरा त्याच बागंत हाय आता. टॅक्टर चालवतो. लोकं बोलतील, परत केस उकरली."

"कोणी नाय उकरत. वर्गात बोलले मी, कोर्टात नाय."

"कान माझा गेला," ते म्हणाले. "तुझा काय गेला? माझ्या कानाचा तू कशाला बोलते?"

एक गिऱ्हाईक आलं, काकांनी त्याला नागली मोजून दिली, मी पिशवी धरली. गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले, "वकील हो नायतर काय हो. माझ्या केसला हात लावू नको."

"नाय लावणार."

"उठ आता. उन्हाची बसू नको इथं."

मी उठले. शेवटच्या एसटीची वाट न बघता एका ओळखीच्या माणसाच्या मोटरसायकलवर त्र्यंबकपर्यंत आले. सरांचा राग येत होता तो कळत होता. काकांचाही आला होता, आणि तो का आला हे स्वतःला सांगायची लाज वाटत होती. मी त्यांच्यासाठी बोलले असं मला वाटत होतं. मी माझ्यासाठी बोलले होते. साडीसाठीच उभी राहिले असं मी सरांना सांगितलं होतं, ते खरंच होतं.

प्रवेश मी सोडला नाही. सकाळी साडेसातला वर्ग असतो, त्यानंतर वसतिगृह. पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत ती हकिगत पोचलीच. मी जिन्यात दिसले की दोघं-तिघं एकमेकांना "साक्षीदार आली" म्हणतात, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एकदा एकाला थांबवून विचारलं, काही अडचण आहे का. म्हणाला, नाही मॅडम. त्यानंतर तो आवाज थोडा कमी करतो एवढंच. सर व्हरांड्यातून जाताना दिसतात. आम्ही एकमेकांना नमस्कार करत नाही.

मागच्या आठवड्यात पहिल्या सत्राचा निकाल लागला. चार विषयांत पास झाले, एका विषयात सहा गुणांनी राहिले. वसतिगृहातल्या मुलींनी विचारलं तेव्हा त्यांना खरं तेच सांगितलं. काल दुपारी जाऊन त्या विषयाचा परत परीक्षेचा फॉर्म भरून आले.